इतिहासाचा वर्ग आपण कोणासाठी रिकामा सोडणार?



बारावीचे निकाल लागले की जोगेश्वरीतील माझ्या लहानशा कचेरीत दाव्यांच्या कागदांबरोबर मुलांच्या गुणपत्रिकाही येऊ लागतात. वस्तीत वकील म्हटला की तो सर्वज्ञ, अशी आपल्या भाबड्या माणसांची समजूत. तेव्हा घराच्या भांडणापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सारे प्रश्न माझ्याच टेबलावर येतात. गेल्या जून महिन्यात असेच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. गृहस्थ रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. मुलीला गुण चांगले पडले होते आणि तरीही बापाचा चेहरा उतरलेला होता.

ते मला म्हणाले, “वकीलसाहेब, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा. हिला बी. ए. ला इतिहास घ्यायचा आहे. मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून कोणाचे पोट भरले आहे काय?”

मी काही बोलण्यापूर्वीच मुलगी बापाला म्हणाली, “पप्पा, आपण मूळचे बौद्धच होतो, आपण परत घरी आलो, असे तुम्ही शेजाऱ्यांना सांगता. ते खरे कशावरून, असे त्यांनी विचारले तर काय सांगाल?”

बाप गप्प झाला. खरे सांगायचे तर मीही गप्प झालो. त्या मुलीने विचारलेला प्रश्न मी आज तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण तो एका घरापुरता नाही. ज्या लोकांनी इतिहासाच्या आधारावर आपला धर्म बदलला, त्याच लोकांनी आपल्या मुलांना इतिहासाच्या वर्गात पाऊल टाकू देऊ नये, ही विसंगती आपल्या घराघरांत सुखाने नांदत आहे.

बापाचा आक्षेप मी हलका मानीत नाही. ज्याच्या घरात महिनाअखेरीस किराणा उधार येतो त्याने भाकरीचा हिशेब आधी केला तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या हिशेबाकडे मी पुढे येईनच. परंतु आधी इतिहास हा निरुपयोगी विषय आहे, हा जो समज आपल्यात पसरला आहे त्याचा निकाल लावू या. आणि वकील असल्यामुळे मी तो न्यायालयाच्याच दारात लावतो.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तुम्हांला ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो. परंतु त्या सत्याग्रहाच्या मागून दहा वर्षे चाललेला दावा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्य मंडळींनी बाबासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या दिवाणी न्यायालयात फिर्याद गुदरली. त्यांचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्याला शिवू नये अशी अनादि काळापासूनची रूढी आहे आणि ती रूढी हाच कायदा आहे! खालची न्यायालये ओलांडून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. वादींनी सांगितलेली रूढी अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळण्यात आले.

वाचकहो, या निकालावर क्षणभर थांबा. माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे की नाही, असा प्रश्न न्यायासनापुढे मांडला गेला नव्हता. प्रश्न होता तो इतिहासाचा. ही वहिवाट केव्हापासूनची? तळे कोणाच्या मालकीचे? दप्तर काय सांगते? ‘अनादि काळापासून’ हा शब्द उच्चारणे सोपे, पुराव्याने शाबीत करणे कठीण. ‘असे पूर्वीपासून चालत आले आहे’ या एका वाक्याने आपल्या पूर्वजांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. त्या वाक्याला ‘केव्हापासून? कशावरून?’ असे विचारणे म्हणजेच इतिहास. तो विषय निरुपयोगी आहे असे कोणाला वाटायचे असेल तर ते वाटण्याची चैन निदान आपल्याला परवडणारी नाही.

आता माझ्याच अज्ञानाची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते. पण न सांगितली तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही. मी कायद्याची पदवी घेतली तेव्हा इतिहास टाळूनच घेतली. पदवीच्या वर्षांत तो विषय समोर होता. मी सोपे गुण मिळतील असे विषय पाहिले. वकिलीच्या आरंभीच्या काळात कोकणातील एका बौद्धवाडीच्या स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेचा दावा माझ्याकडे आला. समोरच्या पक्षाने एक जुना मोडी कागद हजर केला आणि सोबत त्याची बाळबोध नक्कल जोडली. नक्कल वाचली तर जमीन खाजगी, वाट मालकाच्या मेहेरबानीने दिलेली. मला मोडीचे एक अक्षर येत नव्हते. मी नक्कल मान्य केली. दावा गेला.

अपिलाची मुदत टळून गेल्यावर एका वृद्ध मोडीवाचकाने मूळ कागदाची छायाप्रत सहज हाती घेतली आणि विचारले, “वकीलसाहेब, ही ओळ नकलेत का नाही?” त्या ओळीत वाट वाड्याची, पूर्वापार चालत आलेली, असे स्पष्ट लिहिले होते. ती ओळ कोणी जाणून गाळली की अनवधानाने सुटली, हे मी सांगू शकत नाही. नवा पुरावा सापडला म्हणून मी फेरविचाराचा अर्ज केला. न्यायालयाने विचारले की कागद पहिल्या दिवसापासून तुमच्या हाती होता, मग योग्य ती तत्परता तुम्ही का दाखविली नाही? त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्या वाडीतील माणसे आपल्या मयताला लांबच्या वळणाने नेतात. कायद्याचे सर्व ग्रंथ माझ्या कपाटात होते, आणि आमचा हक्क मात्र मला न येणाऱ्या लिपीत लिहिलेला होता.

म्हणून कोणी ‘इतिहास घेऊन काय करणार?’ असे विचारले की मला ती वाट आठवते.

आता बाबासाहेबांकडे या. ते बॅरिस्टर होते, अर्थशास्त्रज्ञ होते, घटनेचे शिल्पकार होते, हे आपण जाणतो. पण १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या या तरुणाने तेथे कोणते अभ्यासक्रम निवडले? नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचे एकेक. म्हणजे अर्थशास्त्राच्या खालोखाल त्यांनी निवडला तो इतिहास. १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींची उत्पत्ती व यंत्रणा यांवर निबंध वाचला. १९४६ साली शूद्र कोण होते या प्रश्नावर आणि १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळावर त्यांचे ग्रंथ निघाले. इतिहासाची पायरी न चढताच ते नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचले, असे ज्याला वाटते त्याने त्यांचे चरित्र वाचलेले नाही.

याच पुरुषाला शाळेत संस्कृत शिकावयाचे होते आणि त्याला फारसी घ्यावी लागली, ही गोष्टही विसरू नका. त्या काळी विषय निवडण्याचा दरवाजा दुसऱ्यांनी बंद केला होता. आज तो उघडा आहे आणि आपण आतून कडी घालून बसलो आहोत! पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतः केला, पाली व्याकरणावर व शब्दकोशावर श्रम घेतले. ज्याला विषय नाकारला गेला तो त्यासाठी आयुष्यभर झटला. ज्यांना तो फुकट मिळतो आहे त्यांना तो नको आहे. यास काय म्हणावे?

काही जण म्हणतील, “आम्हांला आमचा इतिहास ठाऊक आहे. जयंतीच्या सभेत दरवर्षी ऐकतो.” बंधूंनो, येथेच दुसरा धोका आहे आणि तो पहिल्याहून कमी नाही. व्यासपीठावरून मिळणारा तयार इतिहास टाळ्यांसाठी शिजवलेला असतो. तो ऐकून छाती फुगते, परंतु प्रतिपक्षाने एक प्रश्न विचारताच ती छाती रिकामी होते.

आपल्याच परिसराचे उदाहरण घ्या. जोगेश्वरीचे लेणे शैव आहे. विद्वान ते साधारण सहाव्या शतकातील मानतात. तेथून अंधेरीच्या बाजूस थोडे गेले की कोंडिविट्याची बौद्ध लेणी लागतात. आपण सारे त्यांना महाकालीची लेणी म्हणतो आणि ती आपली आहेत हे नावावरून कळूसुद्धा नये अशी अवस्था आहे. तेथे लहानमोठी १९ लेणी आहेत. नवव्या लेण्यातील स्तूपाभोवती गोल भिंत आहे आणि तिला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. बिहारातील बराबरच्या सुदामा लेण्याशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. आणि त्याच लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. त्यात कोणाचे दान नोंदले आहे? गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह दिलेल्या विहाराचे!

आता सभेतील वक्ता हा लेख तुम्हांला सांगेल काय? तो सांगणार नाही, कारण त्याच्या गोष्टीत तो बसत नाही. परंतु जो विद्यार्थी इतिहास शिकला आहे तो या लेखाने घाबरत नाही. तो विचारतो, त्या काळी ब्राह्मण कुळातील माणूस संघाला विहार देत होता, तर नंतर काय बदलले? कान्हेरीत कल्याणच्या लोहाराचे व सोनाराचे दान आहे, सोपाऱ्याच्या व चौलच्या लोकांची नावे आहेत, भिक्षुणींचीही आहेत. म्हणजे या डोंगरातील दगड राजांपेक्षा कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या पैशाने अधिक बोलू लागला. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमदानीतही, कान्हेरीच्या संघाला दाने मिळत होती असे तेथील शिलालेखच सांगतात. मग एका रात्रीत तलवारीने बौद्ध धर्म बुडविला, ही सभेतील कहाणी टिकते काय? व्यापाराचे मार्ग आटले, राजाश्रय फिरला, जातीची बंधने आवळली, की हे सर्व मिळून झाले? हे प्रश्न जो विचारील तोच उद्या आपल्या मुलांना खरे उत्तर देईल.

बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाविषयी जो सिद्धान्त मांडला त्यात जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे अनुमानाचा आधार घ्यावा लागल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच मोकळेपणाने सांगितले. ही संशोधकाची सचोटी होय. त्यांचे वाक्य नुसते घोकणारा त्यांचा अनुयायी ठरत नाही. तुटलेला दुवा शोधावयास निघणारा ठरतो. अत्त दीप भव म्हणताना आपण आणखी काय म्हणतो?

१८८२ साली सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सापडला. जोगेश्वरीहून लोकलने नालासोपारा किती दूर आहे? तो दगड दोन हजारांहून अधिक वर्षे तेथे होता. त्याच्या शेजारून असंख्य माणसे गेली. ज्याला ब्राह्मी वाचता येत होती त्यालाच तो अशोक दिसला. इतरांना दगड दिसला. आपल्या मुलांना दगड दिसावा की अशोक, हे जून महिन्यात प्रवेशाचा अर्ज भरताना ठरते.

आता भाकरीचा हिशेब. इतिहासाच्या पदवीने तिसऱ्या दिवशी नोकरी लागते असे मी म्हणणार नाही. ते असत्य होईल. प्राध्यापक व्हावयाचे तर एम. ए., नंतर नेट अथवा सेट, आणि त्यानंतरही जागा निघण्याची वाट पाहणे, हे सर्व खरे आहे. परंतु नुसत्या वाणिज्य पदवीने तरी कोणाला तिसऱ्या दिवशी नोकरी लागते? संघ लोकसेवा आयोगाच्या व राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत इतिहास टाळून कोणाचीही सुटका नाही. इतिहास घेऊन पदवी झाली की कायद्याचा अभ्यासक्रम मोकळा आहे. माझ्या व्यवसायाला अशा मुलांची किती गरज आहे हे मी वर माझ्याच फजितीतून सांगितले. पुरातत्त्व खाते आहे, वस्तुसंग्रहालये आहेत, पुराभिलेखागारे आहेत, मोडीचे वाचक आहेत. मुंबईचे सरकारी पुराभिलेखागार दीर्घकाळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राहिलेले आहे, म्हणजे बाबासाहेब जेथे शिकले तेथेच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी, वतने, अर्ज, शिक्षा यांची कागदपत्रे अशाच दप्तरांत आहेत. ती वाचणारा आपला माणूस तेथे नसेल तर दुसरा कोणी आपल्यासाठी वाचील, आणि एखादी ओळ पुन्हा गळेल.

प्रत्येक घराने प्रत्येक मूल इतिहासाला घालावे असे मी म्हणत नाही. ज्याला यंत्र आवडते त्याने यंत्रच शिकावे. परंतु ज्या मुलाचा, ज्या मुलीचा ओढा या विषयाकडे आहे तिला ‘पोट भरत नाही’ म्हणून मागे ओढू नका. आणि इतरांसाठीही मार्ग आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर उपविषय घेता येतो आणि अन्य शाखेतील ऐच्छिक अभ्यासक्रमही निवडता येतात. जो मुख्य विषय म्हणून इतिहास घेणार नाही त्याने तो असा घ्यावा.

निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. नुसते ‘इतिहास’ हे नाव पाहून सही करू नका. प्रवेशापूर्वी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन अभ्यासक्रमाची छापील प्रत मागा, आणि मुलाला सोबत घेऊन पुढील गोष्टी विचारा. या विषयाला कायम शिक्षक आहे की तासिकेवरचा, की कोणीच नाही? प्राचीन भारताच्या अभ्यासपत्रिकेत बौद्ध काळाला किती जागा आहे? महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींची, जोतीराव फुले, सावित्रीबाई व बाबासाहेब यांच्या कार्याची, स्वतंत्र पत्रिका आहे काय? आर्थिक इतिहास शिकविला जातो काय? मोडी अथवा ब्राह्मी शिकण्याची, लेणी व संग्रहालये प्रत्यक्ष पाहण्याची सोय आहे काय? सोबत पाली घेता येते काय? पालीला भारत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु वर्गात विद्यार्थीच बसले नाहीत तर तो दर्जा कागदावर राहील. ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ या नावाचा जो अभ्यासघटक आता आला आहे त्यात नालंदेचे, बौद्ध तर्कशास्त्राचे, त्रिपिटकाचे स्थान काय, हेही विचारा. नसेल तर विद्यापीठाच्या अभ्यास मंडळास लेखी निवेदन द्या. तक्रार तोंडी केली तर ती वाऱ्यावर जाते. लेखी केली तर तिला आवक क्रमांक पडतो.

काही कॉलेजांत हा विषय फलकावर असतो आणि वर्गात नसतो. ‘विद्यार्थी कमी आहेत, दुसरा विषय घ्या,’ असे खिडकीवर सांगण्यात येते आणि आपली मुले मान खाली घालून दुसरी रांग धरतात. विद्यार्थी नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत! हे चक्र मोडावयाचे असेल तर वस्तीतील चार-पाच मुलांनी मिळून एकाच वेळी अर्ज करावा. एकट्याला परत पाठविणे सोपे असते.

शिष्यवृत्तीविषयी एक शब्द. दीक्षा घेतली म्हणजे सवलत गेली, या भीतीने पुष्कळ नवी कुटुंबे गांगरतात. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने ते संरक्षण मिळालेले आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही मिळते. जातीचा दाखला, वैधता, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच तयार ठेवा. ऐन जुलैत धावपळ करू नका.

आमच्या जोगेश्वरीच्या टेकडीवर सर महंमद युसुफ यांच्या देणगीतून इस्माईल युसुफ कॉलेज १९३० साली निघाले. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. ज्यांनी ही दारे उघडली त्यांनी आत जाऊन काय शिकावे हे मात्र आपल्यावर सोपविले. ती जबाबदारी आपण ‘जागा कोठे भरपूर निघतात’ एवढ्याच प्रश्नावर निकालात काढू नये.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी बापाला एवढेच म्हणालो, “दादा, तुम्ही रात्रभर दुसऱ्याच्या मालमत्तेचा पहारा करता. आपल्या मालमत्तेचा पहारा करायला ही निघाली आहे. तिला अडवू नका.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातून पेन काढून अर्जावर सही केली आणि मला विचारले, “पण साहेब, पाली शिकवायला मास्तर आहे ना तिथे?”

हाच प्रश्न घेऊन येत्या जून महिन्यात तुम्हीही कॉलेजच्या खिडकीपाशी उभे राहा.

जय भीम!